डाव्या पायाला काम नसलेली गाडी

अण्णा टिपणिसांच्या नव्या मोटारीला क्लच नव्हता. सगळं तिथूनच सुरू झालं, म्हणून आधी तेवढं नीट ऐकून घ्या.

लढाई संपून काही वर्षं झाली होती. मुंबईतला कुणी गोरा साहेब मायदेशी निघाला आणि जाताना आपली अमेरिकन गाडी ठाण्याच्या अण्णांना देऊन गेला. अण्णा खडीच्या खाणीचे कंत्राटदार, चरईत राहणारे, हौशी गृहस्थ. गाडी लांबलचक, बाटलीच्या हिरव्या रंगाची, आत दिवाणखान्यासारखी ऐसपैस बैठक. तिचे गेर आपोआप बदलत. चाकाजवळची दांडी एकदा खाली ओढली की झालं. मग उजव्या पायानं वेग द्यायचा, त्याच पायानं ब्रेक दाबायचा आणि डाव्या पायानं स्वस्थ बसायचं.

हे स्वस्थ बसणंच ड्रायव्हरांच्या डाव्या पायांना जमेना. जन्मभर क्लच दाबलेले पाय ते. वळण आलं की आपसूक उठत आणि समोर सापडेल ते दाबत, आणि समोर असायचा ब्रेकचा हातभर रुंद पट्टा. गाडी जागच्या जागी थिजायची आणि अण्णा मागच्या बैठकीवरून पुढच्या बैठकीवर यायचे. पहिल्या ड्रायव्हरनं त्यांचा चष्मा फोडला, दुसऱ्यानं ओठ. तिसरा शोधायच्या आधी अण्णांना राघोची आठवण झाली.

राघो भोईर दिवा गावचा, मिठागरात राबणाऱ्या आगऱ्याचा पोर. अण्णांची लॉरी तोच चालवायचा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत त्याच्यासारखा हात नव्हता, असं त्याच्यावर जळणारेसुद्धा कबूल करत. गावात त्याला कुणी राघो म्हणत नसे, ‘डायवर’ म्हणत. गेल्या शिमग्याला शीळफाट्याच्या उतारावर भरलेली लॉरी कलंडली आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. इस्पितळातून तो कुबडीवर घरी आला, आणि त्या दिवसापासून सगळे त्याला पुन्हा राघो म्हणू लागले. हे त्याला पाय गेल्यापेक्षा जास्त लागलं. ओटीवर बसून तो रस्त्याकडे पाठ करून राही.

तर एका सकाळी हिरवी गाडी बैलगाडीच्या वाटेनं हेलपाटत दिव्यात आली. अण्णा स्वतः चालवत होते, डावा पाय बुडाखाली दुमडून घेऊन.

“राघो, मला डावा पाय नसलेला ड्रायव्हर पाहिजे,” अण्णा म्हणाले.

राघोच्या बायकोला, गोदाला, ती थट्टा वाटली. ती तोंड फिरवून आत गेली. पण अण्णांनी ओटीवर बसून सगळं समजावून सांगितलं. लायसन देणारे साहेब एका पायाच्या माणसाला लायसन द्यायला तयार नव्हते, हे खरं. पण त्या साहेबांना मोटारींच्या शर्यतीचं वेड. पौषातल्या एका रविवारी मुंबईचे मोटारवाले कल्याणच्या पुढं, लढाईत विमानांसाठी बांधलेल्या ओसाड धावपट्टीवर शर्यत लावणार होते. साहेब बघायला येणार होते.

“हे मोटारवाले माझ्या गाडीला हसतात रे. म्हणतात, गेर गाडीनंच बदलायचे तर ड्रायव्हर काय, नुसता उतारू. तू त्यांना दाखव. साहेबांच्या डोळ्यांदेखत दाखव. मग बघू लायसन कसं देत नाहीत ते. आणि धावपट्टीवर सराव करायला लायसन लागत नाही.”

“मना जमंल, अण्णा?”

“तुला नाही जमणार तर कुणाला?”

राघोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते लपवलं नाही.

मग दर दोन-चार दिवसांनी सराव सुरू झाला. थोरला भाऊ भिवा बैलगाडीतून राघोला शीळफाट्यापर्यंत सोडी. तिथून अण्णा त्याला गाडीत घेत. धावपट्टीवर पोचेपर्यंत उन्हं कलती असत. लांबच लांब काळा पट्टा, कडेला लाल मुरूम, भेगांमधून उगवलेलं सुकं गवत आणि दोन्ही टोकांना डांबराची पिंपं. त्या पिंपांना वळसा घालून परत यायचं, अशी शर्यत होती. आजूबाजूला माणूस नाही, घर नाही. वारा तेवढा सुटायचा.

सरळ पट्टीवर गाडी झक्क पळे. अडचण वळणावर होती. लॉरी हाकणारा माणूस वळणावर नुसत्या ब्रेकवर विसंबत नाही. तो आधी खालचा गेर टाकतो आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवायला लावतो. ही गाडी ते करू देईना. तिला वाटेल तेव्हा ती गेर बदले. कधी नेमका वळणाच्या मध्यावर वरचा गेर घेई, आणि मागची चाकं मुरमात फेकली जात. उजवा पाय एकदम खालपर्यंत दाबला की ती खालचा गेर घेते, एवढं राघोनं शोधून काढलं. पण ते उशिरानं व्हायचं, आणि वेग वाढायचा तो वेगळाच. प्रत्येक वळणावर त्याची डावी मांडी आपोआप उचलली जाई. खाली काहीच नव्हतं, तरी उचलली जाई.

गेलेला पाय दुखतो, त्याला खाज सुटते, हे त्याला इस्पितळातच सांगितलं होतं. त्याचं त्याला नवल नव्हतं.

मार्गशीर्ष सरता सरता एका संध्याकाळी मात्र वेगळं घडलं. पिंपं जवळ येत होती. सवयीनं डावी मांडी उचलली गेली, आणि राघोच्या डाव्या तळव्याला रबर लागलं. लॉरीतल्या क्लचचं झिजलेलं, मधे गुळगुळीत आणि कडेला खरखरीत रबर. त्यानं दाबलं. ते दबलं. गाडीनं शहाण्यासारखा खालचा गेर घेतला... तोही कसा, तर आधी एकदा सुटका, मधे इंजिनाला जराशी फुंकर, मग पुन्हा एकदा. लॉरीत राघो असाच दोनदा क्लच मारून गेर टाकायचा. गाडी पिंपांना घासून, जराही न डगमगता वळली.

“आज काय केलंस? सुरेख वळली,” कडेला उभे असलेले अण्णा म्हणाले.

“काय नाय अण्णा. हात बसतोय.”

त्याला आनंद झाला होता. मनापासून झाला होता. भीती नंतर आली, आणि तीही वासातून आली. गाडीच्या बंद काचांच्या आत खाजणाचा वास कोंदला होता, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला येतो तसा. खाडी तिथून कितीतरी कोस लांब. त्यानं काच खाली केली, तरी वास जाईना.

उतरताना अण्णांनी आत वाकून पाहिलं. “इथं चिखलाचे पाय घेऊन कोण बसलं होतं?”

ड्रायव्हरच्या पायांखालच्या पायपुसण्यावर, डाव्या अंगाला, जिथं कुणाचा पाय पडायचं कारणच नव्हतं, तिथं एक पाऊल उमटलं होतं. अनवाणी, ओलं, डावं. चवड्यावर जोर दिलेलं. राघोनं घाईघाईनं आपल्या फडक्यानं ते पुसलं. फडकं घरी जाईपर्यंत वाळलं, आणि जिथं चिखल होता तिथं पांढरं मीठ फुललं.

त्या रात्री जेवताना त्यानं भिवाला विचारलं, “दादा, माजा पाय कुठं पुरलास?”

भिवाचा घास हातातच राहिला. “आथा कनाला इचारतंस?”

“सांग ना.”

“आगरान. मोठ्या बांधाच्या पोटान. आपलीच जागा ती. कुत्री-कोल्ही उकरू नयेत म्हनून खोल पुरला.”

“मीठ टाकलंस?”

“टाकलं तं. इस्पितलातला मानूस बोलला, मूठभर मीठ टाका. मूठभर...? मिठाच्या राशी समोर, आनि सख्ख्या भावाचा पाय. पाट्यावर पाट्या वतल्या मी. खालून, वरून, बाजून. हात आखडला नाय.”

चुलीशी बसलेली गोदा हळूच म्हणाली, “दादा... मिठान काय कुजतं का?”

 आढ्याला सुक्या मासळीची टोपली टांगलेली होती, गेल्या वर्षीची. मिठात काय होतं हे त्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक. भिवालाही ठाऊक होतं. पण त्या दिवशी तो रडत होता, आणि रडत्या माणसाला मूठभर म्हणजे किती ते कळत नाही. मातीत टाकलेलं मातीला मिळावं म्हणून चिमूट द्यायची असते. यानं तो पाय साठवणीला घातला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं आगरात गेली. ऊन चांगलं होतं, मिठागरांच्या कोंड्यांमधलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यांमधलं पाणी डोळ्यांना लागत होतं. भिवानं बांधाच्या पोटात कुदळ मारली आणि थांबला. एवढा पावसाळा वरून गेला, खाडीचं पाणी बांधाला लागून गेलं, तरी ते मीठ विरघळलं नव्हतं. दगडासारखं घट्ट बसलं होतं. त्यानं वरची कपची उचकटली.

पाय होता तसा होता. काल कापल्यासारखा. नखंसुद्धा जागेवर. राघो कुबडीवर वाकून आपल्याच पायाकडे बघत राहिला. त्याला किळस आली नाही, भीतीही पहिल्यांदा वाटली नाही. खरं सांगायचं तर त्याला माया वाटली. त्या पायानं त्याला ‘डायवर’ केलं होतं.

मग गोदानं बोट दाखवलं. टाचेच्या भेगांमध्ये लाल मुरूम भरलेला होता. आगरात लाल माती औषधालासुद्धा मिळत नाही. काळा चिखल आणि पांढरं मीठ, तिसरा रंग नाही.

“आजच जालू,” गोदा म्हणाली. “दादा, लाकडं आना. आथाच्या आथा.”

“रविवार जाऊं दे,” राघो म्हणाला.

“काय?”

“चार दिसांचा सवाल हाय, गोदा. सायब येनार. वलनावर तो... तो नसला तं गाडी वलत नाय माज्याच्यानं.”

“तो पाय तुमचा र्‍हायला नाय,” गोदाचा आवाज अगदी खाली गेला होता. “तुमचा असता तं तुमी बोलवल्याबिगर आला नसता. ऐका माजं. लायसन नको. मी मीठ वाहीन, मासली इकीन, तुमना बसवून घालीन.”

“बसवून घालशील म्हनून तं,” राघो म्हणाला. “एकदा मना डायवर होऊं दे. रविवारी सांजचेच जालू. माजी शपत.”

गोदानं भिवाकडे पाहिलं. भिवानं मान खाली घातली आणि कपची होती तशी परत बसवली. भावाला एकदा दुखवल्यासारखं झालं होतं, दुसऱ्यांदा त्याच्यानं होईना. गोदानं त्या चार दिवसांत राघोशी गरजेपुरतं बोलणं ठेवलं. पण रात्री ती त्याच्या उजव्या पायावर हात ठेवून झोपायची, हे त्याला कळत होतं.

रविवार उजाडला. धावपट्टीच्या कडेला कनाती लागल्या होत्या. मुंबईच्या बुटक्या, उघड्या, गुरगुरणाऱ्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेवटी अण्णांची हिरवी. कुणीतरी मोठ्यानं विचारलं, गाडीत पानसुपारी मिळते का. हशा झाला. मग कुबडी मागच्या बैठकीवर टाकून एका पायाचा माणूस चाकामागं बसला आणि हशा थांबला. लायसनचे साहेब खुर्चीवरून उठून पुढं आले.

बावटा पडला. राघोनं उजवा पाय दाबला आणि पट्टी समोरून धावत आली.

पहिल्या वळणाला त्यानं मांडी उचलली, रबर लागलं, गाडी वळली. दुसऱ्या वळणाला दोन गाड्या मागं पडल्या. लोक ओरडत असावेत. त्याला काही ऐकू येत नव्हतं. आत खाजणाचा वास दाटला होता, एवढा की श्वास घेताना जिभेवर खारट चव येत होती. तरी तो खूश होता. हात हलके होते. जन्मात कधी एवढी सुरेख गाडी त्यानं चालवली नव्हती.

तिसऱ्या वळणाला त्यानं मांडी उचललीच नाही. पिंपं अजून लांब होती. तरी खाली क्लच दबला. गाडीनं खालचा गेर घेतला आणि राघोला वाटलं, लवकर झालं, चुकलं. पण चुकलं नव्हतं. समोरची गाडी मुरमात घसरत होती आणि तिला चुकवायला नेमका तेवढाच वेग पाहिजे होता. हे त्याला गाडी पलीकडे गेल्यावर कळलं. डाव्या पायाला आधी कळलं होतं.

“जरा थांब...” तो पुटपुटला. “मना सांगून कर.”

शेवटच्या वळणाला त्यानं ब्रेक मारायचं ठरवलं. साहेबांनी पाहिलं होतं, पुरे होतं, आता जपून न्यायची होती. त्यानं उजव्या पायाला उठायला सांगितलं. पाय उचलला गेला नाही. दुखत नव्हता, आखडला नव्हता. त्याला तो जाणवतच नव्हता. त्यानं खाली पाहिलं. उजवा पाय त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या मनानं दाबला जात होता, सैल होत होता, पुन्हा दाबला जात होता. डाव्याच्या तालावर. राघो दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता, आणि चाकसुद्धा हाताखालून आपलं आपण फिरत होतं. मोटारवाले ज्याला उतारू म्हणाले होते तो आता खरोखरच उतारू होता.

गाडी दुसरी आली. पहिल्या गाडीपेक्षा लोक तिच्याभोवतीच जास्त जमले. अण्णांनी राघोला मिठी मारली. त्यांचा चष्मा त्यात वाकला, तरी ते हसत होते. साहेबांनी हात मिळवला.

“दोन पायांच्या ड्रायव्हरांना हे जमत नाही हो,” ते म्हणाले. “अर्ज पाठवून द्या, मी सही करतो.” मग जरा घोटाळून त्यांनी विचारलं, “पण एक सांगा, या गाडीला क्लच नाही ना? मला वळणावर दोनदा क्लच मारल्याचा आवाज आला... प्रत्येक वेळी आला.”

“क्लच नाहीच मुळी,” अण्णा अभिमानानं म्हणाले.

 राघो उजव्या मांडीवर मूठ आपटत होता. हळूहळू मुंग्या आल्या आणि पाय परत आला. निदान त्याला तसं वाटलं.

दिव्यात बातमी आधीच पोचली होती. शीळफाट्यावर बैलगाडीपाशी चार माणसं उभी होती. “आला आपला डायवर,” त्यांतलं कुणीतरी म्हणालं. ज्या शब्दासाठी एवढं केलं तो शब्द कानावर पडला, आणि राघोला हुंदका आला. लोकांना वाटलं, आनंदाचा.

“दादा, गाडी आगराकडं घे,” तो भिवाला म्हणाला. “आधी ते काम.”

गोदा तिथंच वाट बघत होती. लाकडं, घासलेट, नारळ, कंदील, सगळं तिनं दुपारीच बांधावर आणून ठेवलं होतं. दिवेलागण झाली होती. भरती चढत होती आणि बांधाच्या पलीकडे पाणी हळूहळू चिखल चाटत होतं. राघो कुबडीला रेलून उभा राहिला. गोदानं कंदील वर धरला. भिवानं कुदळीनं कपची उचकटली आणि तो तसाच वाकलेला राहिला.

“काय जालं, दादा?”

“नाय.”

“काय नाय?”

“पाय नाय.”

गोदानं कंदील पुढं केला. मिठाच्या लादीत पायाचा साचा तेवढा उरला होता, पिंढरी, घोटा, टाच, पाचही बोटं, सगळं कोरल्यासारखं. वरचं मीठ अखंड होतं. कुणी उकरलं नव्हतं, ते भिवानं शपथेवर सांगितलं.

आणि त्याच्या शेजारी, त्याला लागून, दुसरा साचा होता.

चार दिवसांपूर्वी तो नव्हता. ताजा होता, त्यातलं मीठ अजून ओलं चकाकत होतं. मांडीपासून खालपर्यंत उजव्या पायाचा. दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. राघोचं ते बोट लहानपणी नांगराच्या फाळाखाली येऊन तसंच वाकडं बसलं होतं. भिवा तेव्हा बैल हाकत होता. त्यानं ते बोट ओळखलं आणि तो मागं सरकत सरकत चिखलात बसला.

राघो मात्र साच्याकडे बघत नव्हता. तो मान ताठ धरून समोर, खाडीकडे बघत होता. कुबडी केव्हातरी त्याच्या काखेतून सुटून बांधावर पडली होती. तो पडला नव्हता. उभा होता. तळव्याला चिखल गार लागत होता, बोटांच्या मधून वर येत होता, आणि खाली बघायचा धीर त्याला होत नव्हता.

“गोदा...”

“काय?”

“मी कंच्या पायावर उभा हाय गं?”

गोदानं कंदील खाली नेला. बराच वेळ खाली धरला. मग तिनं वात उतरवली.